मुका माज

रोवेनाने खांद्यापर्यंतचा प्लॅस्टिकचा हातमोजा उलटा करून काढला, कोपऱ्यातल्या बादलीत टाकला आणि म्हणाली, "काका, गाय भाकड नाही."

श्रीरंगरावांना आधी वाटलं, या मुलीला आपलं बोलणं नीट कळलेलंच नाही. शेजारच्या लुईसची ही मुलगी लहानपणी खरवसासाठी याच गोठ्याच्या दाराशी वाटी घेऊन उभी राहायची. आता जनावरांची डॉक्टर झाली होती, अख्ख्या पट्ट्यात तिचं नाव होतं, हे सगळं खरं. पण त्यांनी तिला बोलावलं होतं ते गाय गोशाळेत द्यायची म्हणून. जाण्याआधी प्रकृती एकदा बघून घ्यावी, एवढ्याचसाठी.

"भाकड नाही कशी?" ते म्हणाले. "दिनू गेल्यापासून गाय एकदा तरी..." पुढचा शब्द त्यांच्या ओठावर आला होता. पडवीच्या खांबाला टेकून भावजय उभी होती, मागे सूनबाई होती. त्यांनी घसा साफ केला. "म्हणजे, भरवावी अशी वेळच आली नाही."

"माजावर आली नाही म्हणताय ना?" रोवेनाला असल्या शब्दांचा संकोच नव्हता. "येते, काका. नेमाने येते. आताही बीजांडावर फुगवटा लागतोय हाताला. गर्भाशय छान आहे, कुठे सूज नाही. उद्या-परवाकडे येईल बघा."

"मग हंबरत का नाही?"

"काहींचा माज मुका असतो. हंबरणार नाहीत, वैरण सोडणार नाहीत. त्यातून ही एकटी. दुसरं जनावर असतं तर त्याने हिच्या अंगावर उड्या मारल्या असत्या, तुम्हाला कळलं असतं. हिचं कळणार ते फक्त बळसावरून. पहाटे बसलेली असते ना, तेव्हा मागून सुटतो. काचेसारखी स्वच्छ तार असते, शेपटीला चिकटलेली असते. ती बघायची." रोवेना हात धुता धुता हसली. "दिनानाथकाकांना बरोबर दिसायचं. पहाटे उठून पहिले गोठ्यात जायचे ते. आमच्या पप्पांना कुंपणावरून हाक मारून सांगायचे."

दरवर्षीप्रमाणे वसुबारसेच्या आदल्या दिवशी, एकादशीला, श्रीरंगराव पत्नी बायजाबाईंना घेऊन गोखिवऱ्याहून भुईगावच्या या घरी आले होते. धाकटा भाऊ दिनानाथ गेल्यावरही त्यांनी हा रिवाज मोडला नव्हता. यंदा येताना मात्र मनाशी एक गोष्ट पक्की करून आले होते. भाऊबीज झाली की रेवती गाय महामार्गापलीकडच्या गोशाळेत जाणार. टेम्पोवाल्याशी बोलणं झालं होतं. यात वाईट काय होतं? गाय दूध देत नव्हती. सुनंदाचे गुडघे धरलेले, तरी ती वाडीतून गवताचे भारे आणत होती. एक दिवस शेणावरून पाय घसरला म्हणजे? धाकट्या भावाच्या माघारी त्याच्या बायकोची काळजी वाहायची ती आपणच, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

"म्हणजे लक्ष आमचंच कमी पडलं," सुनंदाबाई हळूच म्हणाल्या. एवढंच बोलून त्या रोवेनासाठी सुकेळी, घरची वाळवलेली केळी, आणायला आत गेल्या.

ही गाय त्यांच्या आजेसासूच्या गाईच्या पोटची, पिढ्या मोजत आलेली. तिच्या मागे कालवड नव्हती. रेवती गेली की या गोठ्याचं दार कायमचं लागणार होतं. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि आजवर कुणीही तोंडाने बोललं नव्हतं.

*

सूनबाई उन्नतीने मात्र त्या लागलेल्या दाराच्या जागी दुसरं दार केव्हाच मनात बसवलं होतं.

गोठा आणि गवताची खोली पाडली की तिथे तीन खोल्या होत होत्या. शनिवार-रविवारी भुईगावच्या किनाऱ्यावर येणाऱ्यांना राहायला घरगुती जागा हवी असते, जेवण हवं असतं. तिचा नवरा संकेत अंधेरीच्या नोकरीला कंटाळला होता. दोघांनी फरश्यांचे रंगसुद्धा बघून ठेवले होते. श्रीरंगकाकांनी गोशाळेचा विषय काढला तेव्हा उन्नतीनेच चहात साखर ढवळता ढवळता म्हटलं होतं, "काका म्हणतात ते बरोबरच आहे. आईंना आता झेपत नाही."

आणि आता रोवेनाचं ते एक वाक्य तिच्या डोक्यातून जात नव्हतं. पहाटे उठून पहिले गोठ्यात जायचे ते.

हल्ली पहिलं कोण जातं?

सासूबाईंचा तो नेम होता. सासऱ्यांचं दिवसकार्य झालं आणि त्यांनी तो घेतला. गाईच्या मागच्या अंगी लक्ष्मीचा वास असतो, म्हणून उजाडायच्या आत, घरातला दिवा लावण्याही आधी, तांब्याभर कोमट पाणी घेऊन गोठ्यात जायचं. शेपटी, मागचं अंग, मागचे पाय धुवायचे. स्वतःच्या हाताने पुसायचं, हळदकुंकू वाहायचं. गोठ्यात पहिला उजेड निरांजनाचा. तोवर ट्यूब लावायची नाही. तापात असतानासुद्धा त्यांनी हा नेम चुकवला नव्हता.

दुपारी संकेत ओटीवर मोबाइल घेऊन पडला होता. उन्नती त्याच्याजवळ बसली आणि तिने हळू आवाजात सगळं सांगितलं.

"मग?" तो म्हणाला.

"मग काय? त्याच धुतात रे सगळं. दिसणार कसं?"

"ओके. पण आता हे कुणाला सांगू नकोस. काकांनी टेम्पोसुद्धा ठरवलाय, आई गप्प आहे. कशाला नवीन भानगड?"

"आईंना तरी सांगायला हवं."

"काय सांगणार? तुमच्या पूजेमुळे गाय गाभण राहत नाही? जा, सांग. वर्षभर घरात वाक्य ऐकू येणार नाही. आणि खोल्यांचं काय?" तो उठून बसला. "परवा रात्री तूच म्हणालीस, बाथरूमला निळ्या टाइल्स."

"निळ्याच," उन्नती म्हणाली. "त्या मला अजून हव्या आहेत."

ती उठली. माजघरात सासूबाई उद्यासाठी गवार निवडत बसल्या होत्या. वसुबारसेला या घरात दूध-दही आणि गहू बंद. बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. आज एकादशी, त्यामुळे त्यांच्या पोटात दोन सुकेळ्यांपलीकडे काही नव्हतं. शेजारी बायजाकाकी भिंतीला टेकून पेंगत होत्या. उन्नतीने ताटातल्या थोड्या शेंगा आपल्याकडे ओढल्या.

"आई, एक बोलू? रागावणार नाही ना?"

"मी कधी रागावले गं?"

ते खरंच होतं. त्याचीच तर भीती वाटायची.

"रोवेना म्हणाली ना, पहाटे गाय बसलेली असते तेव्हाच दिसतं म्हणून."

"हं."

"पहाटे पहिलं तुम्हीच जाता."

"मीच."

"आणि गेल्या गेल्या..."

सुनंदाबाईंच्या हातातली शेंग अर्धी मोडून तशीच राहिली. पुढचं बोलायची गरज उरली नव्हती. बाहेर केळीच्या पानांवरून वारं गेलं, कुणाच्या तरी अंगणात नारळ पडल्याचा आवाज आला.

"हाताला लागायचं," सुनंदाबाई म्हणाल्या. "बुळबुळीत. अधूनमधून. मला वाटायचं, शेण पातळ टाकलंय हिने. मी आणखी एक तांब्या ओतायचे." त्यांनी शेंग खाली ठेवली. "मी पूजा करत होते, उन्नती."

"पूजेने काही झालेलं नाही हो. पाणी आधी पडतं, एवढंच. आणि अंधार असतो."

"हे असताना बघायचे. मला वाटायचं, सकाळची तपकीर ओढायला जातात गोठ्यात." त्या किंचित हसल्या आणि लगेच पदराने डोळ्यांच्या कडा टिपल्या. मग एकदम म्हणाल्या, "तू कशाला सांगितलंस मला? गाय गेली की तुमच्या खोल्या होतात."

उन्नतीचा चेहरा उतरला. "तुम्हाला माहीत आहे?"

"संकेत फोनवर ज्या आवाजात बोलतो, ते किनाऱ्यावरच्या होड्यांनासुद्धा माहीत असेल."

"मला खोल्या हव्यातच, आई. खोटं नाही बोलत. पण गाय भाकड म्हणून घालवायची तर ती भाकड असायला हवी ना?"

"मला वाटलं, मी झोपलेय असं समजून तरी तुम्ही हळू बोलाल," भिंतीकडून बायजाकाकी डोळे न उघडता म्हणाल्या. "आता हे ह्यांना कोण सांगणार? मी नाही. माझ्या तोंडून ह्यांच्यासमोर तो शब्द या जन्मात निघायचा नाही."

*

सुनंदाबाईंना पहाटे नेहमीपेक्षा लवकर जाग आली. झोप अशी लागलीच नव्हती. देवासमोर हात जोडताना मनात काही मागणं येईना. चूक झाली असं म्हणावं, तर ज्याच्यासाठी केलं तो काय रागावणार होता? आणि नाही म्हणावं, तर दोन पावसाळे गोठ्यात ते मुकं जनावर दर खेपेला आपलं सांगत होतं आणि आपण स्वतःच्या हाताने ते पुसून टाकत होतो.

एवढंच म्हणाल्या, "आज तुझं पाणी थोडं थांबेल."

हवेत गारवा आला होता. चर्चची पहिली घंटा झाली तेव्हा त्या गोठ्याच्या दाराशी होत्या. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात निरांजन, दोन्ही नेहमीसारखंच. दोन्ही त्यांनी कट्ट्यावर ठेवलं आणि ट्यूबचं बटण दाबलं. उजेड फडफडत आला. रेवती बसली होती. तिने मान वळवून पाहिलं, पुन्हा रवंथ करू लागली. हंबरणं नाही, बेचैनी नाही, कशाचीच खूण नाही.

सुनंदाबाई तिच्या मागे गुडघे सांभाळत बसल्या.

शेपटीच्या केसांत काहीतरी चकाकत होतं. तिथून फरशीपर्यंत एक तार लोंबत होती, पारदर्शक, अंड्याच्या पांढऱ्यासारखी. खाली तिचं छोटंसं तळं झालं होतं. त्यांनी बोट लावलं. दोन बोटांमध्ये ते ताणलं गेलं, तुटलं नाही. हाताला ओळख होती त्याची. डोळ्यांना नव्हती.

"उन्नती!" त्यांनी हाक मारली. त्यांचा आवाज एवढा मोठा आजवर त्या घराने ऐकला नसेल. उन्नती आली, मागोमाग संकेत डोळे चोळत आला, त्याच्यामागे श्रीरंगराव बंडीवर शाल ओढत आले. त्यांना वाटलं, ही पडली.

"काय झालं? लागलं का?"

"नाही भावोजी." सुनंदाबाई उठल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि थोरल्या दिरांकडे बघून म्हणाल्या, "गाय माजावर आली आहे."

श्रीरंगरावांनी आधी संकेतकडे पाहिलं, मग छपराकडे.

उन्नतीने तिथूनच रोवेनाला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. "सकाळी दिसलंय ना, मग आज संध्याकाळी भरवू," रोवेना झोपेतच म्हणाली. "संध्याकाळी दिसलं असतं तर दुसऱ्या सकाळी. लवकर भरवून उपयोग नसतो, उशीर झाला तरी नाही. मी दिवे लागायच्या सुमारास येते."

"रोवेना," सुनंदाबाई फोनजवळ वाकल्या, "आता मी तिला धुतलं तर चालेल?"

"खुशाल धुवा, काकी. पूजा करा, सगळं करा. बघून झालंय ना?"

मग त्यांनी तांब्या उचलला.

*

दिवे लागायच्या सुमारास म्हणजे वसुबारसेच्या पूजेचीच वेळ. हे सकाळी कुणाच्या लक्षात आलं नाही. संध्याकाळी आलं ते श्रीरंगरावांच्या, आळीतल्या बायका ताटं घेऊन अंगणात जमल्यावर. रांगोळी झाली होती. बायजाबाई दिवसभर कोऱ्या चहावर होत्या आणि आता रागावल्यासारखं कपाळ धरून बसल्या होत्या. दिनू गेल्यापासून पूजेचं ताट बायजाच धरते, सुनंदा मागे उभी राहते. कुणी ठरवून दिलेलं नव्हतं, होत आलं होतं.

रोवेनाची स्कूटर आली. पायाशी गोठवलेलं रेत ठेवायचा नायट्रोजनचा जड डबा बांधलेला.

"ये, बस," श्रीरंगराव म्हणाले. "आधी आरती उरकून घेऊ."

"काका, थांबले असते मी. पण अर्नाळ्याला एक म्हैस अडलीय, तिथे जायचंय."

"मग तिकडून येताना ये."

"तिकडे किती वेळ लागेल, मला सांगता येत नाही."

अंगणातल्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मुहूर्त जात होता. श्रीरंगरावांना खात्री होती की सुनंदा आता खाली बघेल आणि नेहमीसारखं "तुम्ही म्हणाल तसं" म्हणेल. आजवर तिने तसंच म्हटलं होतं. गोशाळेच्या वेळीही.

"आधी रेवती," सुनंदाबाई म्हणाल्या.

"अगं, पण बायका जमल्यात," बायजाबाई कुजबुजल्या. "आणि मुहूर्त?"

"मुहूर्त आज तिचाच आहे ना, ताई?"

बायजाबाईंनी क्षणभर नवऱ्याकडे पाहिलं. मग ताट पाटावर ठेवलं आणि बायकांकडे वळून म्हणाल्या, "बसा गं सगळ्या. जरा वेळ आहे. दिवसभर उपाशी आहोत, आणखी थोडं राहू."

श्रीरंगरावांना काही कळायच्या आत रोवेनाने त्यांच्या हातात गाईच्या तोंडाची मोरकी दिली. "काका, डोकं धरा. बोलत राहा तिच्याशी." शाळा सुटल्यावर दिनूबरोबर गुरं सोडायला जात, त्यानंतर जनावराच्या तोंडाला त्यांनी हात लावला नव्हता. रेवतीचा गरम श्वास मनगटावर लागत होता. काय बोलायचं गाईशी? ते नुसतंच "हां, हां" म्हणत राहिले. संकेत कोमट पाण्याचा मग घेऊन उभा होता. रोवेनाने डब्यातून रेताची काडीएवढी कांडी काढून त्यात बुडवली.

"कालवडच होईल अशी कांडी मिळते म्हणे," श्रीरंगराव म्हणाले, आणि आपण हे सगळ्यांदेखत विचारलं याचं त्यांनाच नवल वाटलं.

"मिळते. पण ती राहण्याची खात्री कमी. बऱ्याच दिवसांनी भरवतोय हिला, आधी साधी लागू दे." रोवेनाचा हात आत होता, नजर कुठेतरी छपराच्या वाशांवर. उन्नतीने शेपटी धरली होती. गोठ्यात फक्त रवंथाचा आवाज होता.

"झालं."

हातमोजा काढताना रोवेना म्हणाली, "चारा-पाणी नेहमीसारखं. उन्हात बांधू नका. पुन्हा माजावर येते का ते पहाटे बघायचं. नाही आली तर अडीच-तीन महिन्यांनी मी हात घालून सांगेन. आणि काका, दीडेक महिना तिला कुठे हलवू नका. टेम्पोत हादरे बसले की राहिलेलंही जातं."

श्रीरंगरावांनी चटकन सुनंदाकडे पाहिलं. टेम्पो ठरल्याचं हिने सांगितलं का रोवेनाला? पण सुनंदा खराट्याने गाईच्या पायाखालचं शेण सारत होती, तिचं इकडे लक्षही नव्हतं. संकेतने मग खाली ठेवला. "टेम्पो तर भाऊबीजेनंतरचा आहे," तो म्हणाला. उन्नतीने त्याच्याकडे बघितलं मात्र, तो मगातलं पाणी ओतायला बाहेर निघून गेला.

मुहूर्त टळून गेला होता, तरी पूजा झाली. बायजाबाईंनी गाईच्या पायांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं, गळ्यात झेंडूची माळ घातली. वासरू नव्हतं. वासराच्या वाटणीची माळ ताटात तशीच पडून होती. आळीतल्या बायका ओवाळून गेल्या. शेवटी बायजाबाईंनी हळदकुंकवाची वाटी मागे उभ्या असलेल्या जावेपुढे धरली.

"एक बोट पोटाला लाव तिच्या. येणाऱ्याच्या नावाचं."

सुनंदाबाईंनी वाटीकडे पाहिलं. हात पुढे झाला आणि थांबला.

"नको, ताई. अजून काही ठरलेलं नाही. रोवेना हात घालून बघेल, तेव्हा लावू."

"आणि नाही राहिलं तर?"

"तर पुन्हा माजावर येईल." सगळ्यांसमोर, पाणी मागावं इतक्या साधेपणाने त्या म्हणाल्या. "मी बघेन. तेव्हाही नाही राहिलं, तर त्याच्या पुढच्या वेळी बघेन. तेवढ्यासाठी गाय इथे असायला हवी."

त्या कुणाकडेही बघत नव्हत्या. श्रीरंगरावांनी बंडीच्या खिशातून फोन काढला, टेम्पोवाल्याचा नंबर शोधला आणि फाटकाकडे चालू लागले. दोन पावलांवर थांबून, मागे न वळता म्हणाले,

"असेल."